माइंडस्ट्रीचा सर्व्हर घरच्या संगणकावर

प्रश्न : आम्ही सहा मित्र माइंडस्ट्री हा टॉवर डिफेन्स खेळ एकत्र खेळतो. त्यासाठी 4 जीबी रॅमच्या जुन्या डेस्कटॉपवर उबंटू टाकून सर्व्हर चालू केला. घरच्या वायफायवर सगळे जोडले जातात, पण धरमपेठ आणि वर्धा रोडच्या मित्रांना आत येता येत नाही. राउटरमध्ये 6567 हा पोर्ट उघडलेला आहे. काय राहिलं असेल?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : घरात जोडणी होते आहे, म्हणजे सर्व्हर ठणठणीत आहे आणि 4 जीबी रॅमही सहा जणांना पुरते. गोची राउटरपाशी किंवा त्याच्या पलीकडे आहे.

आधी पोर्ट, म्हणजे बाहेरून सर्व्हरकडे यायचं क्रमांकाचं दार, तपासा. माइंडस्ट्रीला 6567 वर टीसीपी आणि यूडीपी हे डेटा पाठवण्याचे दोन्ही प्रकार (प्रोटोकॉल) लागतात. राउटरच्या पानावर बहुतेक वेळा नुसतं टीसीपी निवडलेलं असतं. तिथे 'दोन्ही' करा. उबंटूची फायरवॉल चालू असेल तर 'यूएफडब्ल्यू अलाऊ 6567' ही आज्ञा द्या. पुढे प्रोटोकॉल लिहिला नाही की दोन्ही उघडतात. (इथल्या आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांतच करायच्या.) डेस्कटॉपचा घरातला पत्ता राउटरमध्ये कायमचा बांधून ठेवा, नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर पोर्ट भलत्याच यंत्राकडे वळतो. बाहेरचा पत्ता वापरून चाचणी घेताना फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरूनच घ्या. बरेच राउटर घरातूनच बाहेरच्या पत्त्यावर गेलेली जोडणी परत आत घेत नाहीत, आणि सगळं बरोबर असूनही चूक वाटते.

एवढं करूनही अडलं, तर राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन आयपी' (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) पाहा आणि इंटरनेटवर 'माझा आयपी' शोधून दिसणारा आकडा त्याच्याशी ताडून बघा. दोन्ही वेगळे असतील, विशेषतः वॅनचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुमच्या इंटरनेट कंपनीने अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला आहे. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरची जोडणी तुमच्या घरापर्यंत येतच नाही. त्यावर कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा कायमचा पत्ता, घेता येतो, त्याचे पैसे सहसा वेगळे पडतात. मुंबईच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर भाड्याने घेता येतो. पण सहाच जण असाल तर हा खर्च कशाला? सर्व्हरवर आणि सगळ्यांच्या यंत्रांवर टेलस्केल (दूरची यंत्रं एकाच खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारं ॲप) घाला, आणि टेलस्केलने डेस्कटॉपला दिलेला पत्ता खेळात टाका. खेळ अडखळला तर 'टेलस्केल स्टेटस' बघा : मित्राच्या नावापुढे 'डायरेक्ट' हवं. 'रिले' दिसलं तर डेटा मधल्या दूरच्या यंत्रावरून फिरून येतोय.

प्रश्न : रात्री सर्व्हर चालू ठेवला की सकाळी कोअर (खेळातला आपला मुख्य तळ) पडलेला असतो. वीज गेली तर खेळ पहिल्यापासून. उपाय?
– एक विद्यार्थिनी, महाल, नागपूर

उत्तर : कोणी नसलं तरी सर्व्हरचं घड्याळ चालूच राहतं. वेव्ह, म्हणजे शत्रूंच्या लाटा, येत राहतात, तोफांचा दारूगोळा संपतो, आणि भरायला कोणी नसतं. सर्व्हरच्या कन्सोलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'कॉन्फिग ऑटोपॉज ट्रू' द्या. शेवटचा खेळाडू गेला की खेळ थांबेल. दोन वेव्हमधलं अंतर वाढवायचं असेल तर 'रूल्स ॲड वेव्हस्पेसिंग 7200' द्या आणि नकाशा नव्याने होस्ट करा. हा आकडा सेकंदांचा नाही, टिकचा आहे. 60 टिक म्हणजे एक सेकंद, तेव्हा 7200 म्हणजे दोन मिनिटं. थेट 120 टाकलंत तर दर दोन सेकंदांनी वेव्ह येईल.

विजेसाठी 'कॉन्फिग ऑटोसेव्ह ट्रू'. मूळ मांडणीत दर 300 सेकंदांनी एक सेव्ह होते आणि शेवटच्या 10 राहतात. वीज आल्यावर सवयीने 'होस्ट' देऊ नका, त्याने नवाच डाव सुरू होतो. आधी 'सेव्हज' देऊन ताज्या सेव्हचं नाव बघा, मग 'लोड' आणि ते नाव. राउटर इन्व्हर्टरवर आणि डेस्कटॉप थेट भिंतीच्या प्लगवर, अशी जोडणी घरोघरी दिसते. डेस्कटॉपला छोटा यूपीएस द्याच. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा पंख्यातली धूळ आधीच काढून घ्या. कूलरच्या ओल्या झोतासमोर मात्र डेस्कटॉप ठेवू नका.

सर्व्हर दुसऱ्या लॅपटॉपवरून एसएसएचने (दुरून आज्ञा देण्याच्या सोयीने) चालू करत असाल तर तो 'टीमक्स'च्या आत सुरू करा; जोडणी तुटली तरी हा प्रोग्राम आतलं काम चालू ठेवतो. नाहीतर लॅपटॉप मिटला की सर्व्हरही गेला. सर्व्हर चालू ठेवून टीमक्समधून बाहेर पडताना कंट्रोल-बी, मग डी.

प्रश्न : संगणकावरून जोडलं जातं, फोनवरून आवृत्ती जुळत नाही असं येतं.
– एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : सर्व्हरचा आणि फोनचा बिल्ड क्रमांक एकच लागतो. फोनवर खेळाच्या मुख्य पडद्यावर तो क्रमांक दिसतो; खेळाच्या गिटहब या संकेतस्थळावरच्या पानावरून त्याच क्रमांकाची सर्व्हरची जार फाइल उतरवा, आणि मित्रांनाही तीच आवृत्ती घ्यायला सांगा. जार बदलण्याआधी 'कॉन्फिग' नावाच्या फोल्डरची प्रत काढून ठेवा, सेव्ह आणि नकाशे त्यातच असतात.