मातीच्या बंदिस्त ट्रॅकवरचे टायर : वाचकांचे प्रश्न

एक-दशांश मापाच्या इलेक्ट्रिक आरसी (म्हणजे रेडिओ-नियंत्रित) बग्गींच्या, म्हणजे खेळण्यातल्या शर्यतीच्या गाड्यांच्या, शर्यती अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना भागात, छपराखालच्या चिकणमातीच्या ट्रॅकवर अनेक वर्षे होत आल्या आहेत. तिथे नोकरीनिमित्त गेलेले काही मराठी वाचक आता या छंदात शिरले असून त्यांच्याकडून आलेल्या पत्रांत मोटर किंवा बॅटरीपेक्षा टायरविषयीचे प्रश्न जास्त आहेत. त्यांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मुलासाठी टू-व्हील-ड्राइव्ह बग्गी घेतली. तिच्यासोबत उंच खुंट्यांचे टायर आले. जवळच्या मातीच्या इनडोअर ट्रॅकवर गाडी सरळ रस्त्यावरसुद्धा शेपूट हलवते. दुकानात ‘गोल्ड’, ‘ब्लू’, ‘ग्रीन’ अशी नावे ऐकून गोंधळ झाला. नेमके काय घ्यावे? (सॅन होजे)

उत्तर : सोबत आलेले टायर वाईट नाहीत, ते दुसऱ्या जमिनीसाठी आहेत. उंच, विरळ खुंट्या भुसभुशीत मातीत रुतून पकड मिळवतात. इनडोअर ट्रॅकची चिकणमाती मात्र पाणी मारून, चोपून, वर रोलर फिरवून खळ्यासारखी घट्ट केलेली असते. खुंटीला तिच्यात रुतायला जागा नसते. मग गाडीचे सारे वजन मोजक्या खुंट्यांच्या टोकांवर येते, त्या टोकापाशी वाकतात, आणि तुम्ही म्हणता तशी शेपूट हलते. अशा जमिनीवर पकड येते ती रबराचा जास्तीत जास्त पृष्ठभाग मातीला चिकटल्यामुळे. म्हणून येथे बुटक्या, दाट नक्षीचे टायर चालतात. जेकॉन्सेप्ट्स कंपनीचे बार कोड्स, डर्ट वेब्ज, एलिप्स किंवा प्रो-लाइन कंपनीचे इलेक्ट्रॉन ही त्या घराण्यातील परिचित नावे आहेत.

रंगांच्या नावांनी पुष्कळजण फसतात, कारण टायर सगळे काळेच असतात. रंग हा रबराच्या मिश्रणाचा, म्हणजे कंपाउंडचा, संकेत आहे. जेकॉन्सेप्ट्सच्या पद्धतीत ब्लू म्हणजे मऊ, ग्रीन म्हणजे अतिमऊ आणि गोल्ड म्हणजे खास इनडोअर मातीसाठी केलेले मऊ मिश्रण. प्रो-लाइन यासाठी अक्षरे वापरते : एम३ मऊ, एम४ अतिमऊ आणि एमसी खास मातीसाठी. दोन कंपन्यांची ‘मऊ’ची व्याख्या एकच असेल, असे मात्र धरून चालू नका.

माझा सल्ला विचाराल तर पहिल्या महिन्यात मागचा एकच जोड घ्या, तोही दाट नक्षीचा आणि मातीसाठीच्या मिश्रणाचा, आणि पुढे साधे रिब असलेले, म्हणजे परिघाभोवती उभ्या कडा फिरणारे टायर लावा. टू-व्हील-ड्राइव्ह गाडीत पुढच्या चाकांना फक्त वळायचे काम असते, आणि वळण घेताना या कडाच जमीन धरतात. खरेदीपूर्वी एका संध्याकाळी ट्रॅकवर जाऊन तिथले वेगवान चालक आपल्या टेबलांवर कोणते टायर मांडून बसले आहेत, हे जरूर पाहा. विचारले तर बहुतेकजण मोकळेपणाने सांगतात.

प्रश्न : सकाळच्या सरावात गाडी रुळावर धावल्यासारखी चालते आणि संध्याकाळच्या अंतिम फेरीत त्याच टायरवर घसरते. सेटिंगला मी हात लावलेला नसतो. (फीनिक्सजवळून)

उत्तर : तुम्ही हात लावला नसला तरी जमीन दिवसभर बदलत असते. कसोटी सामन्याच्या खेळपट्टीचे जे पाच दिवसांत होते, ते या ट्रॅकचे पाच तासांत होते, आणि तुमच्याकडच्या कोरड्या हवेत तर त्याहून लवकर.

पाणी मारल्यानंतर माती गडद आणि किंचित मऊ असते. तेव्हा नवीन, धारदार कडांची नक्षी उपयोगी पडते, कारण ती ओलसर पृष्ठभागाला थोडा चावा घेते. पुढे गाड्या धावून धावून मुख्य मार्गावर रबराचा थर बसतो आणि तो पट्टा काळसर निळा, गुळगुळीत दिसू लागतो. चालक त्याला ‘ब्लू ग्रूव्ह’ म्हणतात. या अवस्थेत नवीन नक्षीची गाडी उलट अस्थिर होते. कडा वाकतात, वळणात गाडी क्षणभर थांबून मग एकदम सुटते, आणि अर्धा झिजलेला टायर नव्यापेक्षा वेगवान ठरतो. पकड फारच वाढली, तर नक्षी अजिबात नसलेले स्लिक टायरही धावतात. प्रथमच ऐकणाऱ्याला मातीच्या शर्यतीत गुळगुळीत टायर ही चेष्टा वाटते. मलाही वाटली होती.

तुमची अडचण बहुधा यानंतरच्या अवस्थेतली आहे. ट्रॅक आणखी वाळला की मातीचा रंग फिका पडतो आणि वर पिठासारखी धूळ सुटते. झिजलेल्या किंवा स्लिक टायरवर ही धूळ चिकटून बसते आणि रबर मातीपर्यंत पोहोचतच नाही. फेरी संपल्यावर टायर हातात घेऊन बघा. काळा, स्वच्छ आणि बोटाला किंचित चिकट लागला, तर निवड बरोबर आहे. त्यावर राखाडी लेप दिसला, तर पुन्हा बारीक नक्षीकडे या. नक्षीच्या कडा ती धूळ बाजूला सारतात.

म्हणून एकाच नक्षीचे तीन जोड बाळगावेत : एक नवा, एक अर्धवट झिजलेला आणि एक जवळजवळ सपाट. जुने टायर फेकून देऊ नका. डब्यावर तारीख न लिहिता किती फेऱ्या झाल्या ते लिहा. आणि अंतिम फेरीपूर्वी ट्रॅकवर पाणी कधी मारणार, हे आयोजकांना विचारून घ्या, कारण त्या एका उत्तरावर तुमची अर्धी निवड अवलंबून असते.

प्रश्न : टायरला लावायचा ‘सॉस’ खरोखर आवश्यक आहे का? आणि नवीन टायर पॉलिश पेपरने घासावेत का?

उत्तर : सॉस, म्हणजे पकड वाढवणारे द्रव्य, रबराचा वरचा थर मऊ करतो आणि त्यावरची धूळ उचलतो. मातीच्या पुष्कळ ट्रॅकवर त्याची परवानगी असते, काहींवर नसते, तर काही ठिकाणी ठरावीक द्रव्यच चालते. त्यामुळे बाटली विकत घेण्याआधी त्या ट्रॅकचा नियम वाचा. परवानगी असेल, तर टायर आधी स्वच्छ करावा, पातळ हात द्यावा, फेरीपूर्वी वीस-तीस मिनिटे मुरू द्यावा आणि ट्रॅकवर गाडी ठेवण्याआधी कोरड्या फडक्याने नीट पुसावा. ओला टायर ट्रॅकवर उतरवला, तर पहिली फेरी घसरण्यात जाते आणि मागचे चालकही वैतागतात. सर्वांत मोठे पथ्य सातत्याचे आहे. आज दहा मिनिटे, उद्या तासभर मुरवला, तर गाडीत झालेला बदल सॉसचा की सेटिंगचा, हे कधीच कळणार नाही.

घासण्याविषयी : नव्या टायरची चकाकी जाईपर्यंत हाताने हलके घासावे. ड्रिलला चाक लावून घासणारे पुष्कळ आहेत, पण दाब जरा कमी-जास्त झाला की टायर एका बाजूला तिरपा झिजतो आणि नवा जोड वाया जातो. सरावात दोन बॅटऱ्या संपेपर्यंत गाडी चालवून ती चकाकी घालवणे हा मला त्याहून बरा मार्ग वाटतो.

प्रश्न : टायर रिमपासून सुटतात. गोंद तर भरपूर लावतो. आतल्या फोमचाही काही संबंध असतो का? (लॉस एंजेलिस)

उत्तर : ‘भरपूर’ हीच बहुधा चूक आहे. टायर साच्यातून सुटावा म्हणून कारखान्यात लावलेल्या द्रव्याचा तेलकट थर त्याच्या आतल्या कडेवर राहतो आणि त्यावर कितीही गोंद ओतला तरी तो धरत नाही. मी स्वतः सुरुवातीला घाईत तो न पुसता चिकटवले आणि मोठ्या उडीनंतर मागचे चाक जमिनीला टेकताच टायर रिमवरून निघून पाठीच्या पंखाला मिठी मारून बसला. तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. टायरची कड अल्कोहोलने पुसायची, रिमची खाच बारीक पॉलिश पेपरने खरबरीत करायची, टायरच्या आत घालायचा स्पंजसारखा फोम घडी न पडता सगळीकडे सारखा बसला आहे का हे बोटाने चाचपायचे, टायर बसवून वरून रबर बँड चढवायचा. मग कड अंगठ्याने जराशी उचलून पातळ झटपट गोंदाचा एकेक थेंब चार ठिकाणी सोडायचा. गोंद खाचेतून आपोआप पसरतो. एक बाजू वाळल्यावरच दुसरी घ्यायची, आणि खिडकी उघडी ठेवायची, कारण त्याची वाफ डोळ्यांना झोंबते.

फोमचा संबंध मोठा आहे. उघड्या छिद्रांचा फोम पाणी शोषतो आणि लवकर बसतो. बंद छिद्रांचा फोम महाग असला तरी पाणी मारलेल्या ट्रॅकवर आकार टिकवतो आणि टायर झिजेपर्यंत जवळजवळ सारखाच वागतो. मातीवर मी दुसरा निवडतो. रिमला हवेसाठी छिद्र आहे ना, तेही तपासा. हवेला वाट नसेल, तर गाडी उडीनंतर चेंडूसारखी उसळते.

प्रश्न : माझी फोर-व्हील-ड्राइव्ह बग्गी भर पकडीत वळताना उलटते. टायर बदलू का?

उत्तर : आधी पुढच्या टायरच्या बाहेरील भिंतीवर झटपट गोंदाचा पातळ थर देऊन पाहा. भिंत कडक आणि निसरडी झाली की वळणात ती जमिनीला अडकत नाही. त्याने भागले नाही, तर पुढे अधिक झिजलेला जोड लावा.

प्रश्न : अमेरिकेतून भाऊ येताना गोल्ड कंपाउंडचे टायर आणणार आहे. आम्ही पुण्यात मोकळ्या मैदानावर गाडी चालवतो. मागवू का? (पुणे)

उत्तर : मागवू नका. मैदानावर खडे, वाळलेले गवत आणि खाली मुरूम असतो. बंदिस्त मातीसाठी केलेले मऊ रबर त्यावर खोडरबरासारखे झिजते आणि बुटक्या नक्षीत धूळ भरून पकडही मिळत नाही. त्याच पैशांत उंच खुंट्यांचे, मध्यम किंवा मऊ मिश्रणाचे दोन जोड येतील. सॅन होजेच्या वाचकांना नको असलेले टायर तुम्हाला अगदी योग्य ठरतील. भावाच्या बॅगेत जागा उरलीच, तर बंद छिद्रांचे फोम मागवा. ते पावसाळ्यानंतरच्या ओल्या मैदानावरही कामी येतात आणि वजनाला काहीच नसतात.