धर्मस्वातंत्र्याची मागणी करणारे अमेरिकेतील ख्रिस्ती भाष्यकार इतरांच्या प्रार्थनेला विरोध का करतात?

आपण विचारले आहे की, ‘आमच्या श्रद्धेवर घाला येत आहे’ अशी सतत तक्रार करणारे अमेरिकेतील परंपरावादी ख्रिस्ती भाष्यकार हिंदू किंवा मुसलमान प्रार्थनेला जागा मिळताच तिच्याविरुद्ध का उभे राहतात, आणि यातली विसंगती त्यांना दिसत नाही का. मी स्वतः ख्रिस्ती आहे, माझे माहेर नगर जिल्ह्यातले, आणि बरीच वर्षे मी टेक्सासमधील एका बाप्टिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) मंडळीची, म्हणजे चर्चची, सभासद आहे. हा प्रश्न मला परका नाही.

विसंगती त्यांना दिसत नाही, कारण धर्मस्वातंत्र्य सर्वांचे आहे असे ते मुळात मानतच नाहीत. ते त्याला आपल्या घराण्याची वडिलोपार्जित मालमत्ता समजतात. इतरांनी तिथे राहावे, पण आश्रित म्हणून. सप्टेंबर २००० मध्ये, वाजपेयी अमेरिकी काँग्रेससमोर भाषण करणार होते त्या दिवशी, प्रतिनिधिगृहात ओहायोतील पार्मा येथील मंदिराच्या पुजाऱ्यांनी प्रार्थना म्हटली. त्यावर फॅमिली रिसर्च कौन्सिल या परंपरावादी ख्रिस्ती संस्थेने लिहिले की, देशाची स्थापना धर्मस्वातंत्र्यावर झाली हे खरे, पण इतर धर्मांना ख्रिस्ती धर्माच्या बरोबरीला आणून बसवण्याचा हेतू त्यात कधीच नव्हता. टीका झाल्यावर संस्थेने खुलासा केला. मला मात्र पहिलेच विधान मनातले वाटते.

माझा या विषयाशी थेट संबंध आला तो जुलै २००७ मध्ये. नेवाडातील राजन झेड हे सिनेटमध्ये प्रार्थना म्हणणारे पहिले हिंदू ठरणार होते आणि अमेरिकन फॅमिली असोसिएशन या अशाच दुसऱ्या संस्थेने आपल्या सभासदांना सिनेटरांकडे निषेध नोंदवण्याचे आवाहन केले होते. आमच्या शास्त्राभ्यासाच्या गटात मंडळीतल्या एका एल्डरांनी (मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांनी) ते आवाहन वाचून दाखवले आणि प्रत्येकाने घरी जाऊन पत्र पाठवावे असे सुचवले. मी पाठवणार नाही, असे मी सर्वांसमोर सांगितले. त्यांनी विचारले, तुमच्या देशात, ओडिशात, ग्रॅहम स्टेन्स या मिशनऱ्याला दोन मुलांसह जाळले, मग त्याच लोकांना इथे मान का द्यायचा? मी म्हणाले की, त्या मुलांची आई ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि त्या बारिपद्यात कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिल्या. त्यांच्या दुःखाचा हिशोब आपण नेवाडातल्या एका माणसाकडून का मागायचा? आमच्या गावच्या शाळेत हिंदू मुख्याध्यापक नाताळच्या आधी माझ्या वडिलांना मुलांसमोर प्रार्थना करायला बोलावत, आणि त्यामुळे गावातला कोणताही देव लहान झाला नाही, हेही मी सांगितले. त्यावर ते जे बोलले ते मला आजही टोचते: तुमचे पूर्वज हिंदू होते, म्हणून तुमचे मन अजून तिकडे ओढते. चार पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरातल्या बाईला हे ऐकून घ्यावे लागले, आणि गटातले कोणी मध्ये पडले नाही. १२ जुलैला झेड बोलू लागताच प्रेक्षकसज्जातून तिघांनी ओरडून ती प्रार्थना परमेश्वराच्या दृष्टीने अमंगळ असल्याचे सांगितले आणि त्यांना अटक झाली. आमच्या गटात त्यांच्यासाठी प्रार्थना झाली, झेड यांच्यासाठी झाली नाही.

मला सर्वांत वाईट याचे वाटते की, हे सारे बाप्टिस्ट मंडळीत घडले. स्वातंत्र्यापूर्वीच्या व्हर्जिनियात परवान्याशिवाय उपदेश करणाऱ्या बाप्टिस्टांना तुरुंगात टाकत. कनेक्टिकटमध्ये सरकारमान्य काँग्रिगेशनल चर्चचा कर टाळायचा तर बाप्टिस्ट असल्याचा दाखला द्यावा लागे. म्हणूनच डॅनबरीच्या बाप्टिस्टांनी ऑक्टोबर १८०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेफर्सनला लिहिले की, आम्हाला जे मिळते ते हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून मिळते; आणि १ जानेवारी १८०२ च्या उत्तरात जेफर्सनने चर्च आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीची गोष्ट केली. जॉन लेलंड या बाप्टिस्ट उपदेशकाने तर १७९० मध्येच लिहिले होते की, ज्यू, तुर्क, मूर्तिपूजक आणि ख्रिस्ती सर्व सारखेच मुक्त असावेत. जेफर्सनने आत्मचरित्रात व्हर्जिनियाच्या १७८६ च्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याचे संरक्षण कोणाकोणाला आहे हे सांगताना हिंदूंचाही उल्लेख केला आहे, आणि तोही त्या देशात हिंदू जवळजवळ नसताना. ज्यांच्या पूर्वजांनी हे सर्वांसाठी मागून मिळवले, त्यांनीच ते एकट्याचे ठरवावे हे मला कृतघ्नपणाचे वाटते.

सगळेच असे आहेत असे मात्र समजू नये. न्यू जर्सीतील बास्किंग रिजमध्ये मशिदीला परवानगी नाकारली गेली, तेव्हा २०१६ मध्ये सदर्न बाप्टिस्टांच्या दोन संस्थांनी मशिदीच्या बाजूने न्यायालयात म्हणणे मांडले. त्याच वर्षीच्या सेंट लुईस येथील अधिवेशनात एका पाळकाने याचा जाब विचारल्यावर त्या दोनपैकी एका संस्थेचे तेव्हाचे प्रमुख रसेल मूर यांनी ठणकावून सांगितले की, मशीद बांधू न देण्याची ताकद ज्या सरकारला आहे, ते उद्या आपल्यालाही चर्च बांधू देणार नाही. भारतात ख्रिस्ती लोकांवर होणारे हल्ले खरे आहेत, हेही मी नाकारत नाही. पण ती तक्रार करण्याचा अधिकार टिकवायचा असेल, तर टेक्सासमधल्या मंदिराविरुद्ध बोलता येणार नाही.

अशा माणसाशी वाद घालायचा असेल तर आपण राज्यघटनेपासून सुरुवात करू नये, तो लगेच ‘हे ख्रिस्ती राष्ट्र आहे’ म्हणतो. त्याच्या संप्रदायापासून सुरुवात करावी. तो बाप्टिस्ट असेल तर त्याला लेलंड वाचायला द्यावा आणि विचारावे की, १८०१ मध्ये कनेक्टिकटमध्ये तू कोणत्या बाजूला असतास, दाखला मागणाऱ्यांच्या की दाखला देणाऱ्यांच्या? त्या एल्डरांना मी हाच प्रश्न लेखी पाठवला होता. धर्मांतरित घरातल्या माणसाची निष्ठा संशयास्पद ठरवणे हे त्यांचे उत्तर असेल, तर येशूचे पहिले सगळे शिष्य ज्यू घरातले होते, हेही मी त्याच पत्रात लिहिले होते.