फायनान्समध्ये जायचंय, पण आत्तापासून करू काय?

प्रश्न: मी कॉमर्सच्या सेकंड इयरला आहे. फायनान्समध्ये जायचं एवढं नक्की, पुढचं काहीच नाही. वर्गातले निम्मे ऑनलाइन सर्टिफिकेटं गोळा करतायत, उरलेले ट्रेडिंगमधल्या नफ्याचे स्क्रीनशॉट टाकतायत, आणि मी यातलं काहीच करत नाहीये. सुरुवात कुठून करू?

उत्तर: सर्टिफिकेटांचं टेन्शन घेऊ नकोस. सीव्हीवर आठ-आठ सर्टिफिकेटं असलेली मुलं 'डेप्रिसिएशन (मशीनची दरवर्षीची झीज, खर्च म्हणून धरलेली) १० ने वाढलं तर तिन्ही स्टेटमेंटमध्ये, म्हणजे नफा-तोटा, कॅश फ्लो आणि बॅलन्स शीटमध्ये, काय बदलेल' असं विचारलं की गप्प होतात, आणि हा प्रश्न इंटरव्ह्यूत इतका घासून गुळगुळीत झालाय की आपण तो इथेच सोडवून टाकू. टॅक्स ३० टक्के धर. खर्च १० ने वाढला, म्हणून टॅक्सच्या आधीचा नफा १० ने कमी, टॅक्स ३ ने कमी, म्हणजे निव्वळ नफा ७ ने घटला. आता कॅश फ्लोला ये. तिथे सुरुवातच नफ्यापासून होते म्हणून ७ वजा, पण डेप्रिसिएशनमध्ये प्रत्यक्ष पैसे कुणाला दिलेले नसतात म्हणून १० परत मिळवायचे, म्हणजे कॅश ३ ने वाढली (टॅक्स वाचला ना, तेवढीच). बॅलन्स शीटवर मशिनरी १० ने कमी, कॅश ३ ने जास्त, असेट्स एकूण ७ ने कमी, आणि दुसऱ्या बाजूला इक्विटी पण ७ ने कमी. जुळलं. हे पाठ करू नकोस, कागदावर कर, मग 'उधारीवर माल विकला' किंवा 'कर्ज काढून मशीन घेतलं' असे व्यवहार घालून बघ काय होतं.

मग एक कंपनी निवड, जिचा धंदा तुला समजतो अशी, आणि तिचे पाच वर्षांचे अ‍ॅन्युअल रिपोर्ट डाउनलोड कर. चेअरमनचं पत्र आणि रंगीत फोटो सोड, कॅश फ्लो आणि नोट्स (आकड्यांमागचे खुलासे) वाच. आकडे एक्सेलमध्ये स्वतः टाइप कर, रेडीमेड शीट घेऊ नकोस, कारण टाइप करतानाच लक्षात येतं की नफा वाढतोय पण ऑपरेटिंग कॅश वाढत नाहीये, मग ग्राहकांकडची येणी बघावीशी वाटतात, मग नोट्समध्ये शिरावं लागतं आणि खरा अभ्यास तिथून सुरू होतो. २००२ मध्ये उघड झालेलं वर्ल्डकॉम या अमेरिकन टेलिकॉम कंपनीचं प्रकरण बघ, काही फार चलाख फॉर्म्युला नव्हता त्यात. रोजचा चालू खर्च त्यांनी भांडवली खर्च म्हणून (मशीन घेतल्यासारखा, जो नफ्यातून एकदम नाही तर वर्षानुवर्षं थोडा थोडा वजा होतो) दाखवला, सुरुवातीला जाहीर झालेला आकडाच ३.८ अब्ज डॉलरचा होता, आणि त्यामुळे नफा फुगला. खर्च कुठल्या रकान्यात टाकला एवढाच खेळ! हे ज्याला वाचता येतं त्याला काम मिळतं.

आणि फायनान्स म्हणजे एकच नोकरी नाही हे पण बघून ठेव. इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचं काम, मॉडेल आणि प्रेझेंटेशनं, रात्री उशिरापर्यंत. क्रेडिटमध्ये समोरचा कर्ज फेडेल का हा एकच प्रश्न शंभर बाजूंनी विचारायचा. रिसर्चमध्ये भरपूर लिहावं लागतं, हे कुणी आधी सांगत नाही. कंपनीच्या आतल्या फायनान्स टीममध्ये बजेट आणि फोरकास्ट, या कामाला ग्लॅमर कमी, पण माझ्या मते धंदा शिकायला यासारखी जागा नाही.

ट्रेडिंगचं म्हणशील तर स्क्रीनशॉटला किंमत नाही. एखादा शेअर का घ्यावासा वाटला, काय झालं तर माझं म्हणणं चुकीचं ठरेल, हे तारीख टाकून दोन पानं लिहून ठेव, पैसे न लावता लिहिलंस तरी चालेल. इंटरव्ह्यूत दाखवायला ते भारी पडतं.

प्रश्न: सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट, तीन लेव्हलची परीक्षा) कॉलेजमध्ये असतानाच सुरू करावं का?

उत्तर: करता येतं. पहिल्या लेव्हलची परीक्षा डिग्री पूर्ण व्हायच्या आधीच्या २३ महिन्यांत देता येते, म्हणजे फर्स्ट इयरला घाई करून उपयोग नाही. पेपरला १८० प्रश्न, आणि एकेका लेव्हलला साधारण ३०० तास अभ्यास लागतो असं सीएफए इन्स्टिट्यूटच सांगते, सेमिस्टरच्या परीक्षेला लागून हे जमणार का ते आधी कॅलेंडर काढून बघ. आणखी एक, तिन्ही लेव्हल पास झालं तरी लगेच चार्टर, म्हणजे नावापुढे सीएफए लावायचा हक्क, मिळत नाही, कमीत कमी ३६ महिन्यांत मिळून ४,००० तासांचा कामाचा अनुभव लागतो. म्हणून पहिली लेव्हल शेवटच्या वर्षात द्यावी, त्याआधी अकाउंट्स पक्कं करावं. रिस्कमध्येच जायचं असेल तर एफआरएम (फायनान्शियल रिस्क मॅनेजर) बघ, दोनच भाग आहेत आणि परीक्षेला बसायला डिग्रीची अट नाही.

प्रश्न: इंजिनिअरिंगला आहे, फायनान्सचा एकही विषय नाही. चालेल का?

उत्तर: चालेल की. प्रॉबॅबिलिटी, स्टॅटिस्टिक्स आणि पायथन येत असेल तर रिस्क आणि क्वांटवाल्यांना (गणिती मॉडेल बनवणाऱ्यांना) तेच हवं असतं. अकाउंटिंगला मात्र सुट्टी नाही, वरचा डेप्रिसिएशनचा प्रश्न तुला पण.

प्रश्न: इंटर्नशिपसाठी मेल करते, कुणी उत्तरच देत नाही.

उत्तर: एकच मेल सगळ्यांना पाठवत असशील तर थांबव. सीनियर, माजी विद्यार्थी यांना गाठ, चार ओळी लिही, आणि 'काही काम असेल तर सांगा' याऐवजी तू केलेलं त्या सेक्टरमधल्या एका कंपनीचं अ‍ॅनालिसिस जोडून 'यात काय चुकलंय ते सांगाल का' असं विचार. चुका काढायला लोकांना आवडतं. आठवड्याने एकदा आठवण कर, तिसऱ्यांदा नको. मोठ्या नावांच्या मागे न लागता छोट्या अकाउंटिंग फर्मलाही विचार, तिथे पहिल्याच आठवड्यात खऱ्या व्हाउचर्सचे गठ्ठे हातात पडतात.