ओढणीतून दिवा बघ, मग बोलू

बारावीचा विद्यार्थी विचारतोय: एका धड्यात प्रकाश तरंग, पुढच्या धड्यात कण, मग खरं काय?

पेपरात धड्याप्रमाणे लिही, मार्क मिळतील. पण "प्रकाश मनाला येईल तेव्हा तरंग होतो आणि मनाला येईल तेव्हा कण" हे जे क्लासमध्ये ऐकलंस, ते डोक्यातून काढून टाक. मी सोलापुरात पंचवीस वर्षं फिजिक्स शिकवलं, निम्मा वेळ हेच पुसण्यात गेला.

आज रात्री गच्चीवर जा. बहिणीची पातळ, बारीक विणीची ओढणी डोळ्यासमोर ताणून धर आणि लांबचा एकटा दिवा बघ. (सोलापूरकर आहेस म्हणून आधीच सांगतो, चादर चालणार नाही, तिच्यातून दिवाच दिसत नाही.) एका दिव्याचे बरेच ठिपके दिसतील, उभ्या-आडव्या धाग्यांमुळे फुलीसारखे. कडेच्या ठिपक्यांना बाहेरून लाल झाक, आतून निळी. ओढणी सरकवली तर ठिपके हलत नाहीत, गोल फिरवली की फिरतात. वीण जितकी दाट, तितके ठिपके लांब लांब. अमेरिकेत हॉपकिन्सन नावाच्या गृहस्थाने रेशमी रुमालातून रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहून, असं का दिसतं, हे रिटनहाउस या खगोलशास्त्रज्ञाला विचारलं होतं; ते १७८६ साली छापून आलं. नुसत्या सरळ उडणाऱ्या गोळ्या असत्या तर धाग्यांच्या फटींतून हे घडलं नसतं.

आता उजेड कमी करत जा. १९०९ मध्ये केंब्रिजला टेलर या भौतिकशास्त्रज्ञाने सुईच्या सावलीचा फोटो घेतला, तोही साधारण मैलभर लांबच्या मेणबत्तीएवढ्या उजेडात. सर्वांत लांब एक्सपोजर जवळपास तीन महिन्यांचं. सावलीच्या कडेचे, तरंगामुळे पडणारे पट्टे तरीही तसेच स्पष्ट. आजची उपकरणं एकेक फोटॉन (प्रकाशाचा एक नग) टिपतात: इथे एक ठिपका, तिथे एक. दहा ठिपक्यांत काहीच कळत नाही, हजारोंत पट्टे उमटतात. अर्धा ठिपका मात्र कधीच नाही.

म्हणजे कुठे किती पडणार याचा हिशेब तरंगाचा, आणि माल मिळतो तो अख्ख्या नगात. जस्ताच्या पत्र्यावर लाल उजेड कितीही ओता, इलेक्ट्रॉन सुटत नाही. मंद अतिनील चालतो, कारण त्याच्या एकेका नगात पुरेशी ऊर्जा. आइन्स्टाइनचं १९०५ चं म्हणणं एवढंच.

ओढणीचे सेंटिमीटरमागे धागे किती, दिवा किती लांब आणि तिथल्या भिंतीच्या मापाने दोन ठिपक्यांत अंतर किती, हे लिहून टाक. तरंगलांबी आपण इथेच काढू.