आकड्यांचा हिशोब

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

कमिटीने तुला सिनेगॉगची खजिनदार केल्याचं तुझ्या आईकडून कळलं. आनंद झाला. छपराचं काम निघालंय, ठाण्या-मुंबईतून वर्गणी येतेय, इस्रायलमधल्या अश्दोद आणि दिमोनाहून आपले लोक पैसे पाठवतायत. म्हणजे रक्कम लहान नाही. सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. नेमकी सध्या निवासमंडपाचीच पराशा, म्हणजे तोराचं त्या त्या आठवड्याचं वाचन, चालू आहे. निवासमंडप म्हणजे रानात मोशेने देवासाठी उभारवलेला तंबू. तेव्हा तिथूनच सांगतो.

या आठवड्यांत जो तो सोन्याबद्दल, करूबीमांबद्दल (पंखवाल्या सोन्याच्या आकृत्या) आणि मुख्य कारागीर बसालेलच्या कारागिरीबद्दल बोलतो. तू मात्र तोरातल्या निर्गम या पुस्तकाचा ३८वा अध्याय २१व्या वचनापासून वाच. शाब्बाथला वाचन तिथवर येतं तेव्हा निम्मे लोक डुलक्या काढत असतात, कारण तिथे नुसता जमाखर्च आहे. किक्कार आणि शेकेल ही त्या वेळची वजनं. सोनं २९ किक्कार ७३० शेकेल. पितळ ७० किक्कार २,४०० शेकेल. चांदी १०० किक्कार १,७७५ शेकेल. चांदीचा हिशोब तर आजही पडताळता येतो. वीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाने अर्धा शेकेल द्यायचा होता, माणसं भरली ६,०३,५५०, म्हणजे जमा ३,०१,७७५ शेकेल. किक्कार ३,००० शेकेलचा. भागून बघ, एका शेकेलचाही फरक पडत नाही. पुढे खर्चही लिहिलाय: शंभर किक्कारांच्या शंभर उथळ्या (खालच्या बैठका) ओतल्या, त्यांवर मंडपाच्या फळ्या आणि पडद्याचे खांब उभे राहिले, उरलेल्या १,७७५ शेकेलमधून खांबांच्या आकड्या (हुक) झाल्या, त्यांची डोकी मढवली, बांधपट्ट्या केल्या.

हा हिशोब मोशेकडे कोणी मागितलेला नव्हता. निदान पराशेत तरी तसं नाही. मिद्राश, म्हणजे जुन्या गुरूंनी तोरावर सांगितलेल्या गोष्टी, मात्र पडद्यामागचं सांगतो, आणि ते अगदी आपल्या गावातलं वाटतं. मोशे रस्त्याने चालला की मागून कुजबुज व्हायची: अम्रामच्या पोराची मान बघा कशी भरलीय! दुसरा म्हणायचा, एवढ्या सोन्यावर बसलेला माणूस, तो काय गरीब राहणार? ते कानावर आलं तेव्हा मोशे म्हणाला, काम पुरं होऊ दे, पै-पैचा हिशोब देतो. देवाशी समोरासमोर बोलणारा माणूस, पण ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं त्याने एकदाही विचारलं नाही. हे वाक्य तुझ्याही तोंडी कधी येता कामा नये. आपल्या संस्थांमधली निम्मी भांडणं या एकाच वाक्यापासून सुरू होतात.

पुढची गोष्ट मला जास्त आवडते. हिशोब देताना मोशे ते १,७७५ शेकेलच विसरला. शंभर किक्कारांचं सगळं आठवलं, पण एवढी चांदी गेली कुठे ते आठवेना. आता लोक म्हणणार, यानेच घेतली! घाबरून बसला असताना देवाने त्याचे डोळे उघडले आणि खांबांवरच्या आकड्या दिसल्या. मोठ्या रकमा कोणी विसरत नाही, बाळ. छपराच्या कौलांचं बिल तुझ्या फायलीत नक्की असेल. टेम्पोचं भाडं, गवंड्यांचा चहा, खिळ्यांची पुडी, रंगाचा जास्तीचा एक डबा, या तुझ्या आकड्या. त्या रोजच्या रोज लिही.

आणि हिशोब मोशेने स्वतः लिहिलेला नाही. तो लेव्यांनी (मंडपाची सेवा करणाऱ्या लेवी वंशातल्यांनी) केला, मोशेचा भाऊ अहरोन याचा मुलगा इथामार याच्या देखरेखीखाली. आपल्याकडे तर जुना नियमच आहे की वर्गणी गोळा करायला दोघांपेक्षा कमी माणसं नकोत आणि वाटायला तिघांपेक्षा कमी नकोत. तुझा इथामार तू शोध. तुझ्या मैत्रिणींतला नको. शक्यतो ज्याचं तुझ्याशी फारसं पटत नाही असा एखादा कमिटी मेंबर घे.

पुढे यरुशलेममध्ये देऊळ होतं तेव्हा तिजोरीच्या खोलीत जाणाऱ्याने दुमडीचा अंगरखा घालायचा नाही, पायात काही घालायचं नाही, तेफिलीन (प्रार्थनेत बांधायच्या चामड्याच्या डब्या) किंवा ताईतही नाही, असं मिश्नात, म्हणजे आपल्या जुन्या नियमांच्या ग्रंथात, आहे. का? तो माणूस पुढे गरीब झाला तर लोक म्हणतील तिजोरीतलं पाप भोवलं, आणि श्रीमंत झाला तर म्हणतील तिजोरीतूनच झाला. तुझा दुमडीचा अंगरखा म्हणजे तुझा मोबाईल. वर्गणी स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नकोस, एका दिवसासाठीही नाही. ‘आत्ता मला पाठवा, मी उद्या खात्यात भरते’ हे सोयीचं असतं, म्हणूनच टाळायचं. धूप करणाऱ्या अव्तिनास घराण्यातली नवरी लग्नातसुद्धा अत्तर लावत नसे, देवळाचा धूप घरी वापरतात असं कोणी म्हणू नये म्हणून. (याच घराण्याला आपली कला दुसऱ्यांना न शिकवल्याबद्दल बोलही लागले. तेव्हा तू वह्या कुलुपात ठेवू नकोस.)

उलटं उदाहरण सहा अध्याय आधी आहे. अहरोननेही लोकांकडून सोनं गोळा केलं होतं, कानातल्या कुंडलांचं, पुजायला सोन्याचं वासरू करण्यासाठी. किती, ते कुठेच लिहिलेलं नाही. मोशेने जाब विचारला तेव्हा तो म्हणतो, सोनं आगीत टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं. कंत्राटदार असं काही बोलू लागला की सावध हो.

एक राहिलंच. मंडपासाठी सामान इतकं येऊ लागलं की कारागिरांनीच येऊन सांगितलं, हे गरजेपेक्षा जास्त आहे, आणि मोशेने छावणीभर दवंडी पिटवली की आता काही आणू नका. छपराचा आकडा पुरा झाला की त्याच दिवशी सगळ्यांना कळव. कमिटीतले काहीजण म्हणतील, येतंय तर येऊ दे, पुढे रंगकामाला होईल. होऊ दे, पण ती वर्गणी वेगळी मागा, रंगकामाच्या नावाने.

दिमोनातल्या म्हाताऱ्या माणसांना पावत्या मराठीतच पाठव, आणि पहिल्या महिन्याचा जमाखर्च लावलास की मलाही एक प्रत दे.

शालोम,
तुझा काका