गोधडीचं वय कोणत्या थरावरून मोजायचं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : आजेसासूबाईंकडून आलेली एक वाकळ, म्हणजे गोधडी, आहे. ती त्यांच्या सासूच्या लग्नातल्या लुगड्याची, 1910 च्या सुमाराची, असं घरात सगळे सांगतात. वर मात्र चकचकीत फुलाफुलांचं कापड दिसतं. मग सांगणं खोटं समजायचं का? (सांगली)

उत्तर : इतक्यात नको. वाकळीला एकच एक वय नसतं. वरचं कापड विरलं की जुनी वाकळ न उसवता तशीच आत ठेवून नव्याने मढवायची, ही घरोघरची रीत. तेव्हा वरचं कापड पाहून फक्त शेवटचं मढवणं केव्हाचं ते कळतं.

आधी आत काय आहे ते बघा. अंधाऱ्या खोलीत दोघांनी वाकळ उभी धरायची आणि तिसऱ्याने मागून बॅटरी मारायची. वरच्या धावदोऱ्याशी न जुळणाऱ्या टाक्यांच्या ओळी सावलीसारख्या दिसल्या, तर आत आणखी एक वाकळ आहे. फार जाड असेल तर उजेड आरपार जात नाही. अशा वेळी काठाची फाटकी जागा शोधा. नव्याने उसवू नका, आधीच उघडलेल्या जागेतून थर मोजा.

मग प्रत्येक थरातला अर्धा इंच सुटा धागा चिमट्यात धरून बशीवर जाळून पाहा. कागद जळल्याचा वास आणि मऊ राखाडी राख असेल तर सुती. केस जळल्याचा वास आणि चिमटीत चुरडणारा काळा गोळा असेल तर रेशीम. धागा वितळून कडक मणी झाला तर टेरिलीनसारखा कृत्रिम. रेयॉन सुतासारखंच जळतं, म्हणून त्याचा धागा ओला करून ओढा. रेयॉन ओलं झालं की पटकन तुटतं, सूत उलट चिवट होतं. टेरिलीनचा शोध 1941 चा. त्यामुळे ज्या थरात ते निघेल तो थर 1910 चा असूच शकत नाही. एका थरातलं सर्वांत अलीकडचं कापड धरायचं. त्याच्या आधी तो थर शिवलेला नसतो. उलटं मात्र खरं नाही. लुगडं तीस वर्षं नेसून, मग दहा वर्षं गाठोड्यात राहून गोधडीत येऊ शकतं.

मांजरपाटाच्या किंवा धोतराच्या टोकाला गिरणीचा छाप उरला असेल तर नशीबच. किमतीत ‘न. पै.’ असेल तर ते कापड 1957 ते 1964 मधलं, कारण ‘नवे पैसे’ हा शब्द तेवढीच वर्षं चालला. मापात ‘वार’ असेल तर बहुधा मीटर येण्याआधीचं. निळ्या रंगावर मात्र विसंबू नका. कारखान्यातली नीळ 1897 पासून बाजारात आली, पण ती आणि झाडाची नीळ रसायन म्हणून एकच, डोळ्यांना फरक कळत नाही.

आता लुगड्याचं. नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे पडतात आणि एकेरी वाकळीचे चार थर त्यातच निघतात. म्हणून ‘एका लुगड्याची वाकळ’ हे बोलणं शब्दशः खरं असू शकतं. चारही थरांत एकच काठ सापडतो का पाहा. काठ कापून घेतलेला दिसला तर तोही पुरावाच समजा. जरीचा काठ वेगळा विकायची पद्धत होती, आणि खऱ्या जरीचा काठ कुणी अंथरुणात घालत नसे.

प्रश्न : घरातल्या गोधड्यांच्या आठवणी लिहून ठेवायच्या आहेत. आई 84 वर्षांची आहे. सुरुवात कुठून करू? (नाशिक)

उत्तर : ‘ही गोधडी कोणाची?’ असं विचाराल तर उत्तर एका वाक्यात संपेल. आईचा हात एकेका ठिगळावर ठेवा आणि ‘हा कशाचा?’ एवढंच विचारा. परकर, सदरा, कुणाच्या तरी बाळंतपणातलं धोतर असं बोलणं आपोआप निघतं.

त्याआधी गोधडी सपाट पसरून, शेजारी फूटपट्टी ठेवून, पूर्ण पुढून, पूर्ण मागून आणि मग एकेका तुकड्याचा फोटो काढा. कागदावर ढोबळ नकाशा काढून तुकड्यांना आकडे द्या. वहीत तीन रकाने हवेत : डोळ्यांना काय दिसतं, कोणी काय सांगितलं, सांगणाऱ्याने ते स्वतः पाहिलं की ऐकलं. तिसरा रकाना लोक हमखास गाळतात आणि पुढच्या पिढीत सगळं ‘असं म्हणतात’ होऊन बसतं. दोन बहिणींनी एकाच तुकड्याबद्दल वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा, निवाडा तुम्ही करू नका.

गोधडीच्या मागच्या कोपऱ्याला सुती फितीवर नाव, गाव, साल लिहून दोन सैल टाक्यांनी अडकवा. शाई आधी वेगळ्या चिंधीवर धुऊन तपासा. सेफ्टीपिन, स्टेपल, सेलोटेप अजिबात नको. लोखंडाचा गंज कापड खातो आणि टेपचा डिंक पिवळा होऊन कायमचा बसतो.

प्रश्न : पावसाळ्यात ट्रंकेतल्या जुन्या गोधडीवर बुरशी आली. धुऊ का? (रत्नागिरी)

उत्तर : आधी वाळवा, धुण्याचं नंतर बघू. ओली बुरशी पुसली की पसरते. नाकाला फडकं बांधून गोधडी सावलीत वाऱ्यावर आडवी पसरा. पूर्ण सुकली की घराबाहेर मऊ कुंचल्याने अलगद झाडा.

धुण्याआधी प्रत्येक रंगावर, दोऱ्यावरसुद्धा, पाण्याचा एकेक थेंब टाका. पाच मिनिटांनी पांढरा कापूस अर्धा मिनिट दाबून धरा. हेच साबणाच्या पाण्यानेही करा. कापसावर रंग आला तर धुणं रद्द. लाल आणि जांभळा बहुतेकदा दगा देतात.

रंग पक्का निघाला तर रुंद टबात गोधडी नायलॉनच्या जाळीवर ठेवून बुडवा. दहा लिटर पाण्याला लोकरीच्या कपड्यांचा सौम्य द्रव साबण एक चमचा पुरे. हाताने फक्त दाबायचं. चोळणं, पिळणं, आपटणं नाही. घटस्थापनेआधी सगळी अंथरुणं नदीवर नेऊन दगडावर आपटण्याची रीत होती, तिनेच कितीतरी जुन्या गोधड्यांचे दोरे तुटले आहेत. साबण पुरता निघेपर्यंत पाणी बदला. बाहेर काढताना जाळीसकट दोघांनी उचला. ओली गोधडी दोरीवर टाकली की तिचं स्वतःचंच वजन टाके तोडतं. आणि हे सगळं ऑक्टोबरनंतरच्या कोरड्या हवेत करा, श्रावणात नव्हे. काळे ठिपके राहिले तर राहू द्या. ब्लीचने ठिपक्यासोबत कापडही जातं.

प्रश्न : छिटाच्या (छापील सुती कापडाच्या) जुन्या गोधडीत फक्त काळ्या रेघांची नक्षीच विरून भोकं पडलीत, लाल भाग धडधाकट आहे. हे कसं? (सोलापूर)

उत्तर : जुना काळा रंग हिरड्यासारख्या तुरट द्रव्यात लोखंड मिसळून होई. ते लोखंडच कापड आतून कुजवतं. ही झीज थांबवता येत नाही, फक्त आधार देता येतो. भोकाखाली धुतलेल्या मलमलीचा तुकडा सरकवा, चारही बाजूंनी दोन सेंटिमीटर धड कापडापर्यंत जाईल एवढा. एकेरी बारीक सुती दोऱ्याने सैल टाके घाला. पॉलिस्टरचा दोरा घेऊ नका, तो जुन्या सुतापेक्षा चिवट असतो, ताण आला की तो टिकतो आणि कापडच कापलं जातं.

प्रश्न : बाळाच्या दुपट्यात डांबरगोळ्या घालून ठेवल्या तर चालतील? (पुणे)

उत्तर : नाही. या गोळ्यांतल्या नॅप्थलीनच्या वाफेने काही नवजात बाळांच्या, विशेषतः जी-६-पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असलेल्यांच्या, लाल रक्तपेशी फुटतात. कसरीचा संशय असेल तर दुपटं प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशाच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर थंड कापडावर दव धरतं. नंतर पिशवी काढून धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळा.

प्रश्न : हल्याळहून मिळालेल्या एका गोधडीच्या चारही कोपऱ्यांना जाड त्रिकोणी तुकडे आहेत. ते नंतर जोडलेले वाटतात. काढू का? (बेळगाव)

उत्तर : हात लावू नका. ती सिद्दी समाजाची कवंदी, म्हणजे त्यांच्या पद्धतीची गोधडी, असावी. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आफ्रिकी लोकांचे हे वंशज कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या रानात राहतात. तिथल्या बायका कडेपासून सुरुवात करून गोल गोल फिरत मध्याकडे शिवत जातात. कोपऱ्यांतल्या त्या घड्यांना ‘फुला’ म्हणतात, आणि फुलांवाचून कवंदी त्यांच्या लेखी उघडीच. नुसत्या फिरत्या शिवणीवरून मात्र ठरवू नका, आपल्याकडच्या पुष्कळ गोधड्याही तशाच शिवलेल्या असतात.