‘लंडन ड्राय’मधलं लंडन कुठलं?

प्रश्न असा: स्वस्तातल्या जिनच्या बाटलीवर ‘लंडन ड्राय’ छापलंय आणि मागे बारीक अक्षरात गोव्याचा पत्ता. ही थाप समजायची का? आणि ‘ड्राय’ला ‘कोरडी’ म्हणावं का?

थाप नाही. इथलं लंडन हे गावाचं नव्हे, कृतीचं नाव आहे. १७६९ साली लंडनमध्ये सुरू झालेली गॉर्डन्स ही जिन हल्ली स्कॉटलंडात गाळतात, लेबल मात्र तेच. गोव्यात बनणारी ‘ग्रेटर दॅन’ही लंडन ड्रायच.

युरोपातल्या कायद्यात या नावांची चक्क उतरंड लावलेली आहे. नुसती ‘जिन’ म्हटलं की मद्यार्कात वरून स्वाद मिसळला तरी चालतं. ज्युनिपर, म्हणजे जिनला तिचा खास वास देणारं झुडपाचं फळ, वरचढ लागला म्हणजे झालं. ‘डिस्टिल्ड जिन’ वनस्पतींसह पुन्हा गाळलेली असते, पण नंतर स्वाद घालायची मुभा उरते. ‘लंडन’ला तीही नाही. ज्युनिपर, धने, अँजेलिका या सुगंधी वनस्पतीची मुळं, लिंबू-संत्र्याच्या साली, जे काय घालायचं ते भट्टीत. मागाहून रंग नाही आणि साखर लिटरमागे ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त नाही.

(आपल्याकडचं ‘पहिल्या धारेची’ हे कौतुक मात्र इथे लावू नका. जिन गाळताना पहिली धार बाजूला काढतात, मधली ठेवतात.)

‘ड्राय’ म्हणजे गोड नसलेली. पूर्वी ओल्ड टॉमसारख्या गोडसर जिन चालत. एकोणिसाव्या शतकात सलग चालणारी, उंच स्तंभाची भट्टी आली, मूळ मद्यार्कच स्वच्छ मिळू लागला आणि त्याचा उग्रपणा झाकायला साखर लागेनाशी झाली. ‘कोरडी जिन’ म्हटलं तर मला भुकटीच डोळ्यांपुढे येते. कोऱ्या चहावरून ‘कोरी’ सुचतं खरं, पण ऐकणारा पाणी-सोड्याशिवायची समजेल. लिहिताना ‘बिनसाखरेची’ चोख. बोलताना ‘ड्राय’च राहू द्यावं.

आता, स्वस्त बाटली घ्यावी का? ‘लंडन’ या शब्दातून कृती कळते, हात किती सढळ होता ते कळत नाही. वनस्पती हात राखून घातलेली जिनही लंडन ड्राय असू शकते. म्हणून आधी मद्यार्काचा आकडा बघावा. युरोपात किमान ३७.५ टक्के लागतो. आपल्याकडे बऱ्याच बाटल्यांवर ४२.८ दिसतो. ज्युनिपरचं तेल मद्यार्कात विरघळतं, त्यामुळे वरच्या आकड्याला सुगंध जास्त धरून राहतो. मग ग्लासात थोडी जिन घेऊन तेवढंच साधं पाणी घालून वास घ्यावा. आधी चिडाच्या राळेसारखा वास, पाठोपाठ धने नि साल आली, तर पैसे वसूल. नुसतं स्पिरिट नाकात गेलं तर बाटली कितीही स्वस्त असो, महागच पडली. टॉनिक घालून परीक्षा करू नये. त्यातल्या साखरेत आणि कडवटपणात सुमार जिनही खपून जाते.